उपाशी वाफ्याचं लेखाशीर्ष

प्राध्यापिका : चहा नंतर, नातीचे फोटोही नंतर. आधी मला सांगा, हा हिरवा का आहे?

लेखाधिकारी : कोण?

प्राध्यापिका : कोण काय, अहो? आपण बांधावर उभे आहोत, समोर गहू आहे. गव्हाबद्दलच विचारतेय.

लेखाधिकारी : रात्रभर प्रवास करून आलीस तू. निदान ती बॅग तरी दे इकडे. घरी जाऊन आंघोळ कर, मग निवांत बोलू.

प्राध्यापिका : तुम्ही 'निवांत' म्हणालात की मी सावध होते. मागे तुम्ही निवांत बोललात तेव्हा स्कूटर विकलेली होती. दोन महिने लेकीच्या बाळंतपणाला काय गेले, माझा उपाशी वाफा पोट फुटेस्तोवर जेवून बसलाय! याला पाण्याशिवाय काही द्यायचं नाही, हा नियम. माझ्या सरांनी दिलं नाही, त्यांच्या सरांनी दिलं नाही. साठ वर्षं इथला गहू गुडघ्याच्या वर गेला नाही. आणि आज हा... थांबा. अर्धाच हिरवा आहे. रस्त्याकडचा अर्धा.

लेखाधिकारी : हो. तिथपर्यंतच पुरलं.

प्राध्यापिका : काय पुरलं?

लेखाधिकारी : पोतं.

प्राध्यापिका : कसलं पोतं?

लेखाधिकारी : युरियाचं. तू जरा खाली बस बघू.

प्राध्यापिका : बांधावर बसलं की बांध ढासळतो. कोणी टाकलं?

लेखाधिकारी : मी.

प्राध्यापिका : तुम्ही? गॅलरीतल्या कुंडीला पाणी घाला म्हटलं तर 'तो विषय माझ्या खात्याचा नाही' म्हणणारे तुम्ही?

लेखाधिकारी : हा विषय माझ्याच खात्याचा होता. रागावण्याआधी ऐकून घे. नंतर रागावायचं ते रागाव, मी कुठे पळून जात नाही. तू गेलीस आणि विद्यापीठाचं परिपत्रक आलं. ज्या लेखाशीर्षावर सलग तीन वर्षं एका पैचाही खर्च नाही, ते शीर्ष बंद करावं.

प्राध्यापिका : करा की बंद. माझा काय संबंध?

लेखाधिकारी : शीर्ष बंद झालं की त्याखालचा प्रयोग संपला असं समजायचं. प्रयोग संपला की जमीन रिकामी. रिकामी जमीन बांधकाम विभागाला. त्यांना नव्या सभागृहासमोर गाड्या लावायला जागा हवीच आहे. दोनदा फीत घेऊन मोजून गेलेत.

प्राध्यापिका : पण या वाफ्यावर खर्च करायचा नाही, हाच तर प्रयोग आहे!

लेखाधिकारी : ते तुला ठाऊक, मला ठाऊक. संगणकाला कोण समजावणार? बियाणं, मजुरी, पाणी हे सगळं अख्ख्या शेताच्या नावाने एकत्र पडतं. या वाफ्याच्या स्वतःच्या नावाने एकच शीर्ष, खताचं. सगळ्या वाफ्यांना उघडलं तेव्हा कुणीतरी यालाही उघडून ठेवलं. दरवर्षी तरतूद येते, दरवर्षी खर्च निरंक, दरवर्षी पैसे परत. बंद करायच्या शीर्षांची यादी निघाली तर सर्वात वर आपला वाफा.

प्राध्यापिका : मग पत्र लिहायचं.

लेखाधिकारी : लिहिली ना. दोन. पहिल्याचं उत्तर आलं, 'खर्च वाढविण्याच्या दृष्टीने प्रयत्न करावेत.' दुसऱ्याचं आलं, 'पूर्वीचं उत्तर पाहावं.'

प्राध्यापिका : मला फोन करायचा.

लेखाधिकारी : नात काचेच्या पेटीत होती. तू रोज संध्याकाळी फोन करायचीस, आज एवढे ग्रॅम वाढली, आज काहीच नाही वाढली, आणि मग नाक ओढत बसायचीस. त्यात मी तुला परिपत्रक वाचून दाखवणार होतो?

प्राध्यापिका : बरं. पण पोतं विकत घेऊन गोदामात ठेवायचं की! खर्च झाला, विषय संपला.

लेखाधिकारी : आता खताच्या बिलाला फोटो लागतो. खत टाकतानाचा, टाकणाऱ्यासकट, जागेच्या नोंदीसकट. नाहीतर बिल पुढेच सरकत नाही.

प्राध्यापिका : मग कोपऱ्यात चिमूटभर टाकायचं आणि पोतं वापरलं म्हणून लिहायचं.

लेखाधिकारी : खोटं लिहायचं? इतकी वर्षं त्या खुर्चीत बसलो, न झालेला खर्च झाला म्हणून कधी दाखवला नाही. मी पोतं खर्ची लिहिलं, म्हणजे पोतं टाकलं.

प्राध्यापिका : प्रामाणिकपणे.

लेखाधिकारी : प्रामाणिकपणे.

प्राध्यापिका : म्हणजे अख्ख्या विद्यापीठात एकाच माणसाने एकदाच खोटं बिल करायला हवं होतं, तर नेमका तो माझा नवरा निघाला! आणि फार्मवर तुम्हाला कोणी अडवलं नाही?

लेखाधिकारी : सुट्टीचा दिवस होता.

प्राध्यापिका : शिवाय एका पोत्यात असे दोन वाफे झाले असते. ते तुम्ही अर्ध्यातच संपवलंत? ऑफिसात कुणी टाचणी मागितली तर सही घेता, आणि इथे एवढा सढळ हात? तो कोपरा बघा, आडवा पडलाय. अजीर्ण झालंय त्याला.

लेखाधिकारी : सवय नाही गं. टाकत गेलो, संपलं.

प्राध्यापिका : सरका जरा. पाणी रस्त्याकडून तिकडे जातं, त्याबरोबर थोडं वाहून गेलं असणार. मधला पट्टा सोडावाच लागेल. पण पलीकडचा... पिवळा आहे. अहो, बघा, चांगला पिवळा आहे! पानाची टोकं वाळलेली, फुटवे नाहीत, उंची वीतभर. शाबास!

लेखाधिकारी : पीक मरतंय म्हणून आनंदणारी बायको माझीच असेल.

प्राध्यापिका : मरत नाही ते, तगून आहे. यातला फरक कळायला मला नोकरीची निम्मी वर्षं लागली. कोण येतंय ते? आमचा विद्यार्थी का?

लेखाधिकारी : तोच. उद्याच्या मूल्यांकन समितीसाठी सकाळपासून रस्ते बघत हिंडतोय. प्राचार्य आहे आता, जरा जपून बोल.

प्राध्यापिका : ये रे. म्हणजे, या सर.

प्राचार्य : मॅडम, इथे कोणी नाहीये, 'ये रे'च म्हणा. वर्गातून दोनदा बाहेर काढलंत मला, आता कुठे सर!

प्राध्यापिका : तीनदा. शेवटच्या वेळी तू झोपला होतास, तुला कळलं नसेल.

प्राचार्य : बरं झालं आलात. म्हणजे बघा, उद्या सकाळी समिती. आणि काय सुंदर दिसतोय हो रस्ता यंदा! मागच्या वेळी त्यांच्यातल्या एकाने मला विचारलं होतं, फाटकाजवळचं पीक मेलंय का म्हणून. आता म्हटलं, मॅडमनी जाता जाता काहीतरी जादू केली.

प्राध्यापिका : तू मृदाशास्त्रात पास कसा झालास?

प्राचार्य : तुम्हीच केलंत.

प्राध्यापिका : ते गुण परत घ्यायची सोय असती तर बरं झालं असतं. हा कुठला वाफा आहे, सांग बघू.

प्राचार्य : हा? हा रस्त्याकडेचा... मॅडम. हा उपाशी वाफा आहे.

प्राध्यापिका : होता. अर्धा अजून आहे.

प्राचार्य : पण समितीचे अध्यक्ष तर यासाठीच... त्यांनी कळवलंय, आधी तो वाफा बघेन, मग तुमचं सादरीकरण. म्हणजे बघा, आपल्याकडे दाखवायला आहे काय? प्रयोगशाळेच्या छताखाली बादल्या. यंत्रं आहेत, पण चादर काढली की लाज वाटते. परदेशातली माणसं आपल्याला पत्रं लिहितात ती या एका पिवळ्या तुकड्यासाठी. इतकी वर्षं सलग काही न दिलेली जमीन दुसऱ्या कुणाकडे नाही. मागच्या खेपेला श्रेणी 'अ' ची 'ब' झाली. उद्या 'क' झाली तर पदव्युत्तर वर्ग बंद, संशोधनाचं अनुदान निम्म्यावर. हे कोणी केलं?

लेखाधिकारी : मी केलं. शीर्ष बंद होत होतं.

प्राचार्य : कुठलं शीर्ष?

लेखाधिकारी : तुमच्या सहीने पुढे आलेल्या विद्यापीठाच्या परिपत्रकातलं.

प्राचार्य : मी सही... हो, त्या दिवशी बरेच कागद होते. बरं. आता असं करू. उरलेल्या अर्ध्यालाही खत द्या, म्हणजे सगळं एकसारखं तरी दिसेल.

प्राध्यापिका : एका रात्रीत हिरवं होतं का रे? त्या तिसऱ्या वेळी झोपला नसतास तर माहीत असतं.

प्राचार्य : मग हिरवा भाग कापून टाकू.

प्राध्यापिका : आणि मातीतलं काय कापणार?

प्राचार्य : मागच्या फाटकाने आणू त्यांना.

लेखाधिकारी : मागच्या फाटकाला कुलूप आहे. किल्ली बांधकाम विभागाकडे.

प्राचार्य : मग एखाद्या मजुराच्या हातून चुकून पडलं असं सांगू. म्हणजे बघा, नाव घ्यायचंच नाही कुणाचं.

लेखाधिकारी : बिलाला माझा फोटो जोडलाय.

प्राचार्य : ओळखू येता?

लेखाधिकारी : हसतोय मी त्यात.

प्राचार्य : मॅडम, तुम्हीच सांगा आता. समितीला द्यायच्या तुमच्या आकड्यांच्या टिपणात खताचं हे एक वाक्य आलं नाही, तर कुणाला कळणार आहे? खरंच सांगा.

प्राध्यापिका : उद्या कुणालाच नाही. मी निवृत्त झाल्यावर इथे जी कोणी येईल, ती ही माती तपासेल, आकडे माझ्या आकड्यांशी लावून बघेल आणि तिचा हिशेब जुळणार नाही. महिनाभर स्वतःची चूक शोधत बसेल ती पोरगी. माझ्या सरांनी मला असं एकदाही बसवलं नाही. त्यांनी माझ्या हाती दिलेल्या वाफ्याच्या वहीत 'आज म्हैस वाफ्यात शिरली, शेण उचलले' हेसुद्धा आहे.

प्राचार्य : पण साहेबांकडून खुलासा मागवावा लागेल. यांच्या नोकरीची दीडच वर्षं राहिलीत.

प्राध्यापिका : यांनी खोटा खर्च लिहिला नाही. मी खोटं शून्य कसं लिहू? घरात तोंड दाखवायचं आहे मला.

लेखाधिकारी : मागवा खुलासा. मला लिहायला आवडतो.

(दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, प्राचार्यांची खोली. समितीची गाडी फाटकाबाहेर गेली आहे. टेबलावर बिस्किटांच्या भरलेल्या बशा.)

प्राचार्य : बिस्किटं खाल्ली नाहीत. हे चांगलं लक्षण की वाईट?

लेखाधिकारी : बिल तेवढंच येतं. त्या दृष्टीने वाईट.

प्राध्यापिका : मला द्या दोन. सकाळपासून मीच उपाशी वाफा झालेय.

प्राचार्य : मॅडम, त्यांनी विचारलं खत कोणी दिलं. मी सगळं ठरवून ठेवलं होतं. 'प्रशासकीय निर्णयामुळे' असं सुरू करणार होतो. तोंड उघडतोय तोवर तुम्ही म्हणालात, 'माझ्या नवऱ्याने.'

प्राध्यापिका : मग कोणाच्या नवऱ्याने म्हणायला हवं होतं?

लेखाधिकारी : सगळी समिती माझ्या टायकडे बघत होती.

प्राध्यापिका : तो टाय शेवटचा लेकीच्या लग्नात बाहेर आला होता.

प्राचार्य : मला वाटलं अध्यक्ष हसतील. हसले असते तर परवडलं असतं. ते खाली बसले आणि हिरव्या-पिवळ्याच्या सीमेवर दोन्ही हातांनी माती उकरायला लागले. बूट भरले, पँट भरली. मला कळेना आपणही बसावं की काय.

प्राध्यापिका : बसलास की तू.

प्राचार्य : अर्धा बसलो. मग साहेबांना म्हणाले, 'का केलंत?' आणि यांनी खिशातून परिपत्रक काढलं.

लेखाधिकारी : दोन्ही उत्तरंही काढली. तिन्ही कागद लागोपाठ वाचल्याशिवाय अर्थ लागत नाही.

प्राचार्य : त्यावर माझी सही होती!

लेखाधिकारी : सही फार सुरेख आहे तुमची. अध्यक्षही थांबून बघत होते.

प्राचार्य : जाता जाता त्यांनी तोंडी सांगितलं ते असं. श्रेणी 'ब' च राहील. वर नाही, खाली नाही. अनुदान वाढणार नाही, पण हातचं जात नाही. वाफ्याचा पिवळा भाग पुढे चालू ठेवायचा, मधला पट्टा सोडून. हिरवा भाग वेगळा मोजायचा. एवढी वर्षं उपाशी ठेवलेल्या जमिनीला एकदाच भरपूर दिलं तर ते किती वर्षं पुरतं, हे बघायचं म्हणाले. मुद्दाम असं करायची हिंमत कुणी केली नसती, असंही म्हणाले. हे कौतुक होतं का, मॅडम?

प्राध्यापिका : निम्मं.

प्राचार्य : आणि खर्च नाही म्हणून प्रयोग बंद करू नये, असं ते विद्यापीठाला लिहिणार आहेत. ते कधी लिहितील, विद्यापीठ कधी वाचेल... तोवर शीर्ष चालू आहे ना?

लेखाधिकारी : तीन वर्षांपुरतं बिनघोर. बिल पास झालंय.

प्राचार्य : एक राहिलं. साहेब, कसं सांगू... समितीने तुमचा खुलासा मागवायला सांगितलाय. उद्या मला नोटीस काढावी लागेल.

लेखाधिकारी : मसुदा मी करून ठेवलाय. तुमच्या कारकुनाने मागच्या नोटिशीत कलम चुकवलं होतं. पुढे मलाच त्रास झाला असता.

प्राचार्य : तुम्हाला राग नाही येत?

लेखाधिकारी : नोटिशीचा? कागद बरोबर असला की मला राग येत नाही.

प्राचार्य : फोन वाजतोय बाहेर. विद्यापीठातूनच असेल. आलोच मी. बिस्किटं घ्या तुम्ही, नाहीतर त्यांचाही खुलासा मागतील.

प्राध्यापिका : गेला. आता मला एक सांगा. तुमच्याच खात्यातला प्रश्न आहे.

लेखाधिकारी : विचार.

प्राध्यापिका : परिपत्रक म्हणतं, एका पैचाही खर्च नसेल तर शीर्ष बंद. म्हणजे एका पैचा खर्च झाला तरी शीर्ष जगतं.

लेखाधिकारी : बरोबर.

प्राध्यापिका : मग कोपऱ्यात एक मूठ टाकायची, फोटो काढायचा, आणि एक मूठच खर्ची लिहायची. पोतं मोठ्या शेताच्या खात्यात शिल्लक म्हणून वळतं करायचं. खोटं काही नाही. माझा कोपरा तेवढा गेला असता, तो मी सोडला असता. हे मला आज सकाळी सुचलं, अध्यक्ष माती उकरत होते तेव्हा. मी माती बघणारी बाई. तुम्हाला हे तेव्हाच सुचलं नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

लेखाधिकारी : बिस्किट घे अजून एक.

प्राध्यापिका : सुचलं होतं की नाही?

लेखाधिकारी : सुचलं होतं.

प्राध्यापिका : मग काल मला उलटं सांगितलंत. लिहिलं म्हणून टाकलं, असं नाही. टाकलं, म्हणून लिहावं लागलं.

लेखाधिकारी : बिल खरंच आहे.

प्राध्यापिका : बिल खरंच आहे हो. मी बिलाबद्दल विचारत नाहीये.

लेखाधिकारी : एक मूठ टाकली. फोटो काढला, तोच, हसरा. पोतं परत न्यायला उचललंही. मग परत ठेवलं.

प्राध्यापिका : का?

लेखाधिकारी : बघवेना गं. ऑफिसला जाताना दिसायचा, येताना दिसायचा. घरी कुलूप उघडायचं, दिवा लावायचा आणि तुझ्या फोनची वाट बघायची. आज काहीच नाही वाढली, म्हणायचीस तू. आणि सकाळी परत हा इथे उभा, पिवळा, त्याला कुणी काही देत नाही. मला माहीत होतं प्रयोग आहे. मी काय अडाणी आहे का? पण दुसरी मूठ गेली, मग तिसरी गेली, आणि मग हात थांबेना.

प्राध्यापिका : म्हणून अर्ध्यातच संपलं पोतं.

लेखाधिकारी : म्हणून.

प्राध्यापिका : हे खुलाशात लिहिणार आहात?

लेखाधिकारी : खुलाशात याला रकाना नाही.

प्राध्यापिका : वाफ्याच्या वहीत आहे. 'कारण' म्हणून. सकाळपासून मी तो कोरा ठेवलाय.

लेखाधिकारी : काय लिहिणार?

प्राध्यापिका : बघते. म्हशीच्या नोंदीखाली जागा आहे.

लेखाधिकारी : तिथे शोभेन मी. सकाळी लेकीचा फोन होता ना? काय म्हणाली?

प्राध्यापिका : अडीच किलो भरली. डॉक्टर म्हणाले, आता रोज वजन करू नका, नुसतं दूध पाजा.

लेखाधिकारी : हं. बरं झालं.

प्राध्यापिका : डोळे पुसा, तो येईल आत. आणि बांधकाम विभागाकडून ती मागच्या फाटकाची किल्ली मागून घ्या. उद्यापासून तुम्ही तिकडून ऑफिसला यायचं.

लेखाधिकारी : लांब पडतं ते.

प्राध्यापिका : पडू दे. निम्म्या वाटेपर्यंत मी येईन बरोबर.